कोयना नाव ठेवू का?

वाचकांचे प्रश्न, नीराताईंची उत्तरं

प्रश्न : नीराताई, नमस्कार. माझी मुलगी सव्वा महिन्याची आहे आणि तिला अजून नाव नाही. बारसं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा पुढे गेलं. अडलंय ते नावावरच.

माझ्या नवऱ्याचे आजोबा कोयना धरणग्रस्त. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा ते विशीत होते. बदली जमीन रायगड जिल्ह्यात मिळाली, म्हणून आमचं घर आज इकडे आहे. आजोबा गावाविषयी स्वतःहून कधी बोलत नाहीत. पण पावसाळ्यात बातम्यांमध्ये कोयना धरणात किती टीएमसी पाणी झालं ते सांगायला लागले की हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येतात आणि आवाज वाढवायला लावतात. नवऱ्यानं हे लहानपणापासून पाहिलंय. मुलगी झाली त्याच रात्री तो म्हणाला, हिचं नाव कोयना. मलाही ते ऐकताक्षणी आवडलं.

सासूबाईंना सांगितलं तर त्या काही न बोलता आत निघून गेल्या. त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं. १९६७च्या भूकंपात त्यांचं घर पडलं आणि धाकटी बहीण त्यात गेली. सासूबाई तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला हवं ते ठेवा. मी तिला बाळ म्हणेन." तेव्हापासून घरात कुणी हा विषय काढत नाही.

नणंद म्हणते, नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि असलं नाव कधी कुणी ठेवलंय का, शाळेत पोरं तिला कोयना एक्स्प्रेस म्हणतील. माझी आई म्हणते, पत्रिकेत 'र' आलाय तर 'र'वरून ठेवा. नवरा म्हणतो, लोक नावं ठेवणारच, आपण आपलं नाव ठेवायचं. महापालिकेत जन्माची नोंद झालीय, नावाची जागा कोरी आहे. मी काय करू?

— एक वाचक, पनवेल

उत्तर : तुला 'तू' म्हणते. मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, तुझ्या वयाच्या मुली माझ्या हजेरीपटावर होत्या. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यात एक गोष्ट राहिलेली दिसली. तिच्याकडे येतेच, पण आधी तुझी घाई थोडी कमी करते.

कोऱ्या जागेची काळजी करू नकोस. जन्माची नोंद बिननावाची असली तरी नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरून घेता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येतं, कायद्यातच तशी सोय आहे. पण फार रेंगाळूही नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा म्हणून लागतो. त्यामुळे दाखल्यावर जे लिहिलं जाईल तेच पुढे सगळीकडे उतरेल. इंग्रजी स्पेलिंगही आत्ताच पक्कं करा, कारण 'कोयना' दोन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय. धरणाच्या स्पेलिंगमध्ये 'य'नंतर 'ए' नसतो. तुम्ही तो घाला किंवा गाळा, पण जन्मदाखला, आधार आणि पासपोर्टवर एकच ठेवा. शाळेच्या जनरल रजिस्टरला चढलेलं नाव नंतर दुरुस्त करून घ्यायला आईबापांच्या किती चकरा होतात, ते मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलं आहे.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम झाला आहे. म्हणजे तिच्या नावाला लागून तुझं नाव येणार. दोन्ही एका दमात, हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं म्हणून बघ. कानाला कसं लागतं ते लगेच कळेल.

पत्रिकेतल्या 'र'चं तुझ्या आईला सांग की पाळण्यातलं नाव वेगळं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहेच. बारशाला बाळाच्या कानात तेही सांगा. मिटलं.

आता नणंदेचा प्रश्न, "असलं नाव कधी कुणी ठेवलंय का?" ठेवलंय, आणि भरपूर ठेवलंय. मी शाळेत लागले तेव्हा मुलांना सोडायला येणाऱ्या आज्यांची नावं काय होती? काशीबाई, गयाबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, गोदाबाई, चंद्रभागा, भीमाबाई, भागीरथी. सगळी गावं आणि नद्या. पहिल्या बाजीरावांची पत्नी काशीबाई. डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. पुरुषांत पंढरीनाथ, त्र्यंबक, केदार, गोकुळ. तेव्हा जागेचं नाव माणसाला देणं ही आपल्या घरातली जुनी चाल आहे, हे नणंदेला खुशाल सांग.

पण हे लिहिता लिहिता एक फरक माझ्या ध्यानात आला आणि तुझ्या घरातला पेच तिथेच आहे असं मला वाटतं. त्या आज्यांच्या आईबापांनी जिथे एकदा तरी जायला मिळावं असं वाटायचं, त्या जागेचं नाव मुलीला दिलं होतं. कित्येक काशीबाईंनी जन्मात काशी पाहिली नाही. तुम्ही जिथून निघावं लागलं त्या जागेचं नाव देताय. जिथे जायचं असतं तिथे आपलं कुणी मेलेलं नसतं. जिथून आलो तिथे असतं.

चिडवण्याचं आधी संपवते, कारण त्या बाबतीत मला खात्रीनं बोलता येतं. तुझ्या नणंदेनं एक्स्प्रेसच सांगितली, मी यादी पुरी करते. 'कोय' म्हणतील, आंब्याच्या दिवसांत तर नक्की. 'कोयता' म्हणतील, आणि पुण्याकडच्या कोयता गँगच्या बातम्या ऐकून मोठी झालेली मुलं ते जरा जोरातच म्हणतील. ती रडायला लागली की 'धरण फुटलं' म्हणतील. माझ्या वर्गात एक इंद्रायणी होती, तिला दोन वर्षं मुलं तांदूळ म्हणत. पहिलीच्या वर्गात कुठलंही नाव आठवडाभरात वाकडं होतं, अगदी साधीसुधी पूजा आणि राहुलसुद्धा त्यातून सुटत नाहीत. मात्र चिडवणं वेगळं आणि नावातच बोच असणं वेगळं. साताऱ्यात २०११ साली 'नकोशी' नावाच्या मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली, अडीचशेहून जास्त मुली होत्या. त्यांचं नाव कुणी वाकडं केलं नव्हतं, ते आईबापांनीच तसं ठेवलं होतं. कोयना त्यातलं नाही. ते प्रेमानं ठेवलेलं नाव आहे, आणि चिडवणाऱ्याला उलट सांगायला त्यात गोष्ट आहे.

ती गोष्ट किती उपयोगाची असते ते स्वतःच्या अनुभवानं सांगते. माझे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्यावर. मी तिसरी मुलगी. घरात माझ्या नावाचा उत्साह कुणालाच नव्हता, तेव्हा वडिलांनी नीरा ठेवलं. पाचवीला मी मोठ्या गावातल्या शाळेत गेले. स्टँडजवळ नीरा विक्री केंद्र होतं. पोरं मला बघून "एक ग्लास द्या" म्हणायची, आणि दुपारनंतर "आता ताडी झाली असेल". मी घरी येऊन रडले आणि म्हणाले, नाव बदला. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात रब्बीचं आवर्तन सुटायचं होतं. त्या दिवशी त्यांनी मला पहाटे उठवलं, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि फाट्याच्या गेटापाशी नेलं.

कोरड्या कालव्यातून पाणी येताना तू पाहिलं आहेस का? आधी आवाज येत नाही, वास येतो, मातीचा. मग लांबून एक मळकट फेसाची कड सरकत येताना दिसते, पालापाचोळा आणि काटक्या पुढे ढकलत. माणूस चालतो तेवढ्याच चालीनं येते. तिच्या मागून पाणी. वडील म्हणाले, "ही भोरच्या डोंगरातून आली. तुझी पुस्तकं, तुझा फ्रॉक, आईच्या चुलीवरची भाकरी, सगळं हिच्यावर." बस, एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं ग्लास मागायला लागली तेव्हा मी हेच शब्द त्यांना ऐकवले. चिडवणं थांबलं नाही, पण मला लागायचं थांबलं. म्हणून माझं आईबापांना नेहमी सांगणं असतं की वेगळं नाव ठेवायचं तर मूल शाळेत जायच्या आधी त्या नावाची गोष्ट त्याच्या तोंडी बसली पाहिजे, एका दमात सांगता येईल एवढी छोटी. तुझ्या मुलीसाठी ती अशी असू शकते : "माझी नदी महाबळेश्वरला निघते, डोंगराच्या कडेकडेनं दक्षिणेला जाते, हेळवाकला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भेटते. माझ्या पणजोबांचं गाव तिच्या काठी होतं."

भाषेनंही तुला थोडी मदत केली आहे. नदीला आपण 'कोयनेला पूर आला' म्हणतो, मुलीला मात्र 'कोयनाला ताप आलाय' म्हणू. माणसांच्या नावाला आता आपण सामान्यरूप करत नाही. म्हणजे रोजच्या बोलण्यात नदी आणि मुलगी जिभेवर आपोआप वेगळ्या होत जातील. ही बारीक गोष्ट वाटेल, पण सासूबाईंच्या दृष्टीनं ती बारीक नाही.

आता त्या दोघांकडे येते, आजोबा आणि सासूबाई.

आजोबांच्या आनंदासाठी नाव ठेवताय, पण त्यांना विचारलं असं पत्रात कुठेही नाही. टीएमसीचा आकडा ऐकायला ते धावत येतात, त्यावरून तुम्ही दोघांनी धरून चाललंय की ही माया आहे. असेलही. पण नदीकाठची माणसं नदीला तिच्या नावानं फारशी हाक मारत नाहीत. आमच्याकडे बाया 'नदीवर जाऊन आले' म्हणायच्या, 'नीरेवर' कुणी म्हणत नसे. आजोबांच्या तोंडीसुद्धा लहानपणी ती नुसती 'नदी' असेल. 'कोयना' हा शब्द त्यांच्या आयुष्यात कधी आला? बहुधा कागदावर. कोयना प्रकल्प, कोयना प्रकल्पग्रस्त, दाखला, सातबारा, कचेरीतल्या चकरा. त्या खोऱ्यातली माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पाच दिशांना पांगली आणि साठ वर्षांनंतरही काही जणांचे जमिनीचे प्रश्न सुटलेले नाहीत, त्यासाठी म्हातारी माणसं उपोषणाला बसलेली आपण पाहिली आहेत. १०५ टीएमसीचं ते धरण भरलं की आपण सगळे खूश होतो, वीज आहे, शेती आहे. आजोबा आवाज वाढवतात तेव्हा नेमकं काय ऐकत असतात ते मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. पाणी चढलं म्हणजे त्यांच्या देवळाचा कळस आज किती खाली गेला, हा हिशेबही असू शकतो.

म्हणून त्यांना विचार. सगळ्यांसमोर नको, आणि "आजोबा, कोयना ठेवू ना?" असं तर नकोच, कारण पणतीचं नाव ठेवायला निघालेल्या नातवाला कुठलाही आजोबा नाही म्हणणार नाही. मुलीला त्यांच्या मांडीवर दे आणि म्हण, आजोबा, तुमच्या गावात नदीला काय म्हणायचे? मग गप्प बस. ते काय सांगतात ते ऐक. कदाचित ते तुला असा एखादा शब्द देतील, डोहाचा, उताराचा, वाडीचा, की कोयना बाजूला ठेवून तुम्हाला तोच आवडेल. कदाचित ते स्वतःच तिला कोयना म्हणून हाक मारतील. तसं झालं तर आजोबांच्या बाजूनं प्रश्न सुटला.

सासूबाईंचं वेगळं आहे. ११ डिसेंबर १९६७. मी तेव्हा त्या पाचवीतच होते, वडिलांनी कालव्यावर नेलं त्याच हिवाळ्यात. पहाटेच्या अंधारात आमच्या घरातली मांडणीवरची भांडी खाली आली आणि आईनं आम्हा तिघींना अंगणात ओढलं. थंडी मरणाची होती. वडील बॅटरी घेऊन कालव्याच्या भरावाला कुठे तडा गेलाय का बघायला गेले आणि उजाडल्यावर परत आले. आमच्याकडे तेवढंच झालं. कोयनानगरला आणि पाटणच्या गावांत घरंच्या घरं बसली, दीडशेहून जास्त माणसं गेली. आमच्या शाळेत आठवडाभर 'कोयना' हा एकच शब्द होता, आणि तो भूकंपाचा शब्द होता. नदी त्यात कुठे नव्हती. पश्चिम महाराष्ट्रात माझ्या वयाच्या कुणालाही विचारून बघ, कोयना म्हटलं की त्यांना आधी ती पहाट आठवते. तुझ्या नवऱ्याच्या पिढीला धरण आठवतं, आणि तुझ्या मुलीच्या पिढीला कदाचित तिथलं जंगल आणि वाघ आठवतील. सासूबाई मात्र त्या पहाटेच्या आतल्या आहेत.

"मी तिला बाळ म्हणेन," हे त्यांचं वाक्य तू मला तक्रार म्हणून लिहिलंयस. मला त्यात राग दिसत नाही. त्यांनी तुम्हाला अडवलं नाही, स्वतःपुरती एक वाट काढली. पण थोडं पुढचं बघ. तुझी रजा संपेल, तू कामावर जाशील, आणि दिवसाचे नऊ-दहा तास ती मुलगी सासूबाईंजवळ असेल. ऊठ, जेव, पडशील, ये इकडे, असं करत तिचं नाव दिवसातून शंभर वेळा घेणारं माणूस त्याच. ज्या बाईला ते नाव घेता येत नाही तिच्या हाती ते नाव द्यायचं, तर आधी तिच्याशी बोलायला हवं.

आणि इथे मला तुझ्या पत्रातली ती राहिलेली गोष्ट दिसली. तू लिहिलंस, त्यांची धाकटी बहीण गेली. तिचं नाव लिहिलं नाहीस. मला वाटतं तुला ते माहीत नाही. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नसेल. पाच वर्षांच्या मुलीनं आपली बहीण घालवली आणि मग सासरी येऊन मुलं-नातवंडं होईपर्यंत कुणी तिला विचारलंच नाही की तुझ्या बहिणीचं नाव काय होतं. घरात एका नावावरून दोन बारशी पुढे गेली, आणि दुसरं एक नाव इतकी वर्षं कुणाच्या तोंडातच आलेलं नाही.

ते विचार. दुपारी मुलगी झोपली की त्यांच्याजवळ बसून विचार. ते नाव मुलीला द्यायचं म्हणून विचारू नकोस, तसं मनातही आणू नकोस, ते ओझं त्या लेकरावर नको. फक्त विचार, ती कशी होती, काय म्हणायचात तिला. त्या रडतील. रडू दे. त्यानंतर कोयनेचा विषय तू काढायची गरज पडणार नाही, त्याच काढतील, आणि काय काढतील ते मी इथे बसून सांगू शकत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात विहिरीचा असाच विषय वीस वर्षं बंद होता, तो अशाच एका दुपारी सुटला होता.

दोघंही आनंदानं हो म्हणाले तर कोयना नक्की ठेवा, मला ते नाव फार आवडलं आहे. नणंदेला गोष्ट सांगा आणि कुर्र तिलाच करू दे, तिचा मान तिला मिळू दे. पण आजोबा हो म्हणाले आणि सासूबाई मनापासून नाही म्हणाल्या, तर मी सासूबाईंच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. नवऱ्यालाही हे वाचायला दे. आजोबांचं गाव आठवायला दुसरे मार्ग आहेत. उन्हाळ्यात शिवसागराचं, म्हणजे धरणाच्या जलाशयाचं, पाणी ओसरलं की बामणोली-तापोळ्याकडून लाँचनं त्या भागात जाता येतं. मुलगी चालायला लागली की आजोबांना घेऊन सगळे जा, त्यांना बोटानं दाखवू दे. पण सासूबाईंच्या कानावर दिवसातून शंभर वेळा पडणाऱ्या शब्दाला दुसरा मार्ग नाही. आणि कागदावर कोयना, घरात दुसरंच काही, अशी तडजोड करू नका. शाळेत हजेरीला स्वतःचं नाव ऐकून गोंधळणारी मुलं मी पाहिली आहेत.

बारसं झालं की काय ठेवलं ते मला कळव.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको गडांवर भटकणारे. लग्नाआधी पहिली ओळख शिवनेरीवरच झाली. पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. मुलगी झाली तर 'शिवनेरी' ठेवायचं ठरवलंय. मित्र म्हणतात, पोरीचं नाव दादर-पुणे बसचं कशाला ठेवता? तुम्हाला काय वाटतं?

— एक वाचक, पिंपरी

उत्तर : बसचा विचार मनातून काढून टाका. गडाचं नाव बसला दिलं म्हणून गड बसचा होत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ला तिथे जे घडलं ते महामंडळाच्या आधीचं आहे.

माझी अडचण दुसरी आहे. शिवनेरी चार अक्षरी आहे आणि शेवटी लांबतं. गॅलरीतून खालच्या मुलांत खेळणाऱ्या मुलीला हाक मारून बघा. दोन दिवसांत तुम्हीच तिची 'शिवू' कराल आणि गडाचं नाव कागदावर राहील. शिवाय तुमची ओळख तिथे झाली ही तुमची गोष्ट आहे, तिची नाही. आईबापांच्या प्रेमाची आठवण म्हणून नाव मिरवायला पंधराव्या वर्षी मुलींना अवघड जातं, हे मी मुलींकडूनच ऐकलं आहे.

त्याच गडावरचं एक नाव तुमच्या डोळ्यांसमोर आहे. शिवाई. गडावर शिवाईदेवीचं देऊळ आहे, आणि महाराजांचं 'शिवाजी' हे नाव तिच्यावरूनच ठेवलं असं परंपरेनं मानतात. म्हणजे त्या जागेवरून बाळाचं नाव ठेवायचं हे जिजाऊंच्या घरातही झालं होतं, आणि गडाच्या नावाऐवजी गडावरच्या आईचं नाव घेतलं गेलं. तीन अक्षरं, हाक मारायला गोड, आणि ही गोष्ट तिची स्वतःची होईल. (मित्रांना आधीच सांगून ठेवा, २०२२ पासून 'शिवाई' नावाचीही एसटी धावते. तरीही ठेवा.) मुलगा झाला तर परत लिहा.

प्रश्न : मुलगा आणि सून ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात राहतात. नातवाचं नाव पार्थ ठेवलं आहे. सुनेनं ते अर्जुनाचं म्हणून ठेवलं, पण तिथले लोक त्याला 'पर्थ' म्हणतात आणि इकडचे नातेवाईक हसतात की पोराला गावाचं नाव ठेवलं. मला रात्री झोप लागत नाही. नाव बदलायला सांगू का?

— एक आजी, नाशिक

उत्तर : नका सांगू हो, आजीबाई. नाव सुंदर आहे आणि सुनेनं विचार करून ठेवलंय. पृथेचा मुलगा तो पार्थ. पृथा म्हणजे कुंती. म्हणजे अर्जुनाचं हे नाव त्याच्या आईवरून आलेलं आहे, ते तुमच्या सुनेला सांगा, तिला बरं वाटेल.

नातेवाइकांना उत्तर हवं असेल तर हे द्या. ते ऑस्ट्रेलियातलं पर्थ १८२९ साली वसवलं आणि त्याला स्कॉटलंडमधल्या पर्थ गावाचं नाव दिलं. त्याआधी तिथल्या मूळच्या नूंगार लोकांचं त्या जागेला बूर्लू हे नाव होतं, आणि अलीकडे तेही नाव तिथे पुन्हा वापरात येत आहे. तिथल्या शाळेत नातवाला नावाबद्दल विचारतील तेव्हा त्याच्याकडे सांगायला कुंतीही असेल, स्कॉटलंडही आणि बूर्लूही. फक्त हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि ते काम तुमचं आहे.

व्हिडिओ कॉलवर रोज त्याला पूर्ण नावानं हाक मारा, 'पा' लांबवून आणि 'थ' ठसठशीत उच्चारून. मुलं आजीचा उच्चार उचलतात. तो तीन वर्षांचा झाला की तिथल्या लोकांना तोच दुरुस्त करेल.